सही माझी नव्हती

माझ्या बापाला त्यांनी पेपरवर उभं केलं.

दादासाहेबांच्या ऑफिसात पांढरी फरशी आहे. आबा बाहेर कॉलेजच्या लॉनला पाणी देत होते, तिथनंच त्यांना बोलावून आणलं. पाय चिखलानं भरलेले. शिपायानं दाराच्या आत कालचा पेपर पसरला आणि म्हणला, "मामा, ह्याच्यावर थांबा." आबा थांबले. अंग चोरून, पाय जुळवून, अंगठा कडेच्या बाहेर जाऊ नये म्हणून खाली बघत. छप्पन्न वर्षांचा माणूस. त्याच फरशीवर मी मैदानातले बूट घालून उभी होते. माझ्या बुटाला पण माती होती. मला कुणी पेपर टाकला नाही. मी त्यांच्या फुटबॉल टीमची स्टॉपर, गोलच्या पुढं उभी राहून येईल त्याला अडवणारी. माझ्या मातीला तेवढी सूट होती.

मी एनओसी मागायला गेले होते. दुसऱ्या क्लबकडं जायचं तर जुन्या क्लबनं 'आमची हरकत नाही' असं लिहून द्यावं लागतं. चार ओळींचा कागद.

दादासाहेब माझ्याकडं बघतच नव्हते. ते आबांना म्हणले, "किसन, काय म्हणती रं तुझी पोरगी?"

दादासाहेब आबांपेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत. त्यांच्या वडलांच्या वेळेपासून आबा तिथं कामाला.

"काय नाय साहेब," आबा म्हणले.

"काय नाय कसं? सोडचिठ्ठी मागती. नांदायचं नाय म्हणती आमच्याकडं."

मॅनेजर हसला. शिपाई पण हसला. मी म्हणले, "सर, मला फक्त खेळायचंय. इथं आता टीमच राहिली नाही." त्यांनी माशी हाकलल्यागत हात हलवला आणि आबांनाच म्हणले, "हिला सांग, मी तुझ्याशी बोलतोय."

आबांनी हात जोडले. "चुकलं साहेब. ल्हान हाय."

मी चोवीस वर्षांची होते.

"ल्हान हाय तर तिला म्हणू दे की."

आबांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत रागही नव्हता. नुसती काकुळत होती. मी म्हणले, "चुकलं."

मी म्हणले हे. मैदानात माझ्यापेक्षा हातभर उंच पोरींना खांद्यानं ढकलून पाडणारी मी. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी वाटती. बाहेर निघताना आबांनी वाकून तो पेपर उचलला, नीट घडी केली आणि बाहेरच्या डब्यात नेऊन टाकला. शिपायाला त्रास नको म्हणून.

दादासाहेबांच्या बापजाद्यांची जमीन बीड बायपासला. जमिनीचे प्लॉट झाले, प्लॉटातनं कॉलेजं झाली, कॉलेजातनं पुढारीपण आलं. मग कुणीतरी डोक्यात भरवलं की मुलींची फुटबॉल टीम काढा, रोज पेपरात फोटो येतो. काढली. अठरा जणी. कुणी हर्सूलची, कुणी गारखेड्याची. मी मुकुंदवाडीची, स्टेशनच्या मागच्या वस्तीतली. आम्ही बौद्ध. दादासाहेबांची जात मी सांगत नाही, आमच्याकडं ती सांगावी लागत नाही.

दोन सीझन जीव तोडून खेळलो. खोटं कशाला बोलू, ते दिवस चांगले होते. कोचबाई चांगल्या होत्या, अंडी-केळी वेळेवर मिळायची, आम्ही राज्यात पहिल्या आलो आणि देशाच्या खालच्या लीगपर्यंत गेलो. तिसऱ्या वर्षी दादासाहेबांना पक्षानं तिकीट दिलं नाही आणि त्यांचा फुटबॉलमधला जीव गेला. कोचबाई सोडून गेल्या. लीगला टीमचं नावच घातलं नाही. पण आम्हाला सोडलं पण नाही. करार पाच वर्षांचा आहे, म्हणले.

मग आम्ही काय करायचं? ट्रॅकसूट घालून उभं राहायचं. उद्घाटन असलं की दोन रांगा करून पाकळ्या उधळायच्या. दादासाहेबांच्या पुतणीच्या लग्नात आम्हाला क्लबची जर्सी घालून पंगतीत वाढायला लावलं. मला वाढायला दिलं नाही. मला उष्टी ताटं उचलायला दिली. कारण कुणी सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही. पाहुणे कौतुकानं विचारायचे, "ह्या तुमच्या खेळाडू का?" दादासाहेब म्हणायचे, "घरच्याच पोरी हायेत."

त्यात केरळातल्या एका क्लबच्या कोचचा फोन आला. लीगमध्ये तिनं माझी मॅच बघितली होती. तिचं हिंदी मोडकंतोडकं, पण मला एवढंच पुरलं: "हमको स्टॉपर चाहिए. तुम आएगा?" नोंदणी महिनाअखेरीला बंद होणार होती. हातात सव्वीस दिवस. त्यातला एक त्या पांढऱ्या फरशीवर गेला.

मला भीती कशाची होती ते सांगते. वर्षभर मॅच नसली की उडीचा अंदाज जातो, बॉल डोक्यावरनं निघून जातो. अजून दोन वर्षं अशीच बसले तर सव्वीस-सत्ताविसाव्या वर्षी मला कोण कुत्रं विचारणार होतं? भाजी निवडता निवडता घाम फुटायचा.  मला दुसरं काही येत नाही हो. शाळेत मी हुशार नव्हते, दिसायला बरी नाही, गोड बोलता येत नाही. मला अडवता येतं, तेवढंच येतं. आणि तेच एका माणसानं कुलुपात घालून ठेवलं होतं, त्याला नको असताना.

नसीम आमची विंगर, कडेकडेनं बॉल घेऊन पळणारी. तिच्या भावाचं आमच्या स्टेशन रोडला झेरॉक्सचं दुकान. आबांना पेपरवर उभं केलं ते मी तिला सांगितलं. ती रडली नाही. आधी दादासाहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग म्हणली, "वो सब छोड़. करार का कागज देखी क्या तू कभी?"

बघितला नव्हता. अठरा जणींतल्या एकीनंही बघितला नव्हता. कॉपी कुणालाच दिली नव्हती.

मग आम्ही राज्याच्या संघटनेला अर्ज केला. तिथं खेळाडूंच्या तक्रारी ऐकणारी समिती असते, हे पण आम्हाला नसीमच्या भावानं मोबाईलवर शोधून सांगितलं. अर्ज त्यानंच टाईप केला. आठवड्यानं क्लबनं समितीला उत्तर दिलं आणि पुरावा म्हणून करार जोडला. त्याची एक प्रत मला ईमेलवर आली. सोळा पानं, सगळं इंग्रजी. दुकानात स्टुलावर बसून, बोट ठेवून ठेवून वाचलं. निम्मं कळलं नाही. शेवटचं पान कळलं.

शेवटच्या पानावर दोन सह्या. एक क्लबची. दुसऱ्या सहीखाली छापलेलं, 'खेळाडू'. त्याच्या वर सही आबांची. 'किसन', आणि पुढं लांब रेघ. आबा सही करताना शेवटी अशी रेघ ओढतात, शिकलेल्या माणसासारखी दिसावी म्हणून.

नसीम माझ्या खांद्यावरनं बघत होती. ती भावाकडं वळली. "मेरे पे किसकी है फिर?"

भाऊ कागद मोजत होता. मोजायचा थांबला. "मेरीच. बुलाए थे ना स्टेज पे. मैं किया."

तो दिवस मला आठवला. विसरले नव्हतेच, पण त्यात अपमान होता हे तोवर कळलं नव्हतं. कॉलेजच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता. आम्ही पोरी खाली रांगेनं बसलेल्या. एकेकीच्या बापाला, बाप नसला तर भावाला, नावानं स्टेजवर बोलवायचे. त्यानं सही करायची, दादासाहेब त्याला टॉवेल-टोपी द्यायचे. सोयरिकीत करतात तसं. माझं नाव घेतल्यावर मी उठून टेबलाकडं निघाले होते, तर मॅनेजर म्हणला, "तू बस. तुझी ओटी भरायचीय." मी बसले. आबा वर गेले, पँटला हात पुसला आणि सही केली. मग दादासाहेबांच्या बायकोनं आमच्या ओट्या भरल्या. खण, नारळ, तांदूळ. प्रत्येकीला आपल्या बोटानं कुंकू लावत आल्या. माझ्यापाशी आल्यावर करंडा पुढं केला. "लाव गं तूच." दादासाहेब माईकवर म्हणले, "आजपासून ह्या पोरी आमच्या." टाळ्या झाल्या. मी पण टाळ्या वाजवल्या. फुकटची नवरी.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. मतदान करून आले होते त्याच वर्षी. पण जी खेळणार तिची सही लागती, हे त्या भरल्या हॉलमध्ये कुणाला सुचलं नाही. वकील पण बसलेला होता पुढच्या रांगेत. आणि दादासाहेबांचं सोडा, आमच्यात तरी कुणाला सुचलं? आबांना नाही, आईला नाही. मला स्वतःला नाही. ह्याचाच मला जास्त संताप आला.

मी समितीला दोन ओळी लिहिल्या. करारावरची सही माझी नाही. मला कुणी विचारलं नव्हतं.

समितीनं सुनावणी लावली, महिना संपायला चार दिवस असताना. सुनावणीच्या आदल्या दिवशी मॅनेजर आमच्या घरी आला. बाजेवर बसला नाही, उभाच राहिला. आईनं चहा ठेवला तर म्हणला, "उपास आहे." उपासाला चहा चालतो हे आईला माहीत आहे. तिनं तो चहा मोरीत ओतला.

मॅनेजरनं स्टॅम्प पेपर आणला होता. मराठीत टाईप केलेला. 'माझ्या मुलीने स्वतः सांगितल्यावरून व तिच्या समक्ष मी सही केली.' खाली आबांचं नाव. तो आबांना म्हणला, "किसनमामा, दोनच वर्षं राहिलीत ना तुमची? नीट जाऊ द्या." एवढं बोलून बाहेर गाडीपाशी जाऊन थांबला.

मी म्हणले, "आबा, हे खोटं आहे."

"खरं-खोटं कोण बघतंय माय. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं का? ह्या वयात मला लॉनवरनं काढलं तर मी कुठं जाऊ?"

"आणि मी कुठं जाऊ?"

आबा म्हणले, "तुझं लगीन होईल."

त्यांनी वाईट मनानं म्हणलं नव्हतं. खरंच धीर द्यायला म्हणले. म्हणून मला ते जास्त लागलं. मी पहाटे साडेचारला उठून मैदानावर जायचे तेव्हा हाच माणूस सायकलवर पुढं बसवून मला सोडायचा. बूट फाटले तर स्वतः टाके घालायचा. आणि तरी त्याच्या मनात माझ्या पायाचा शेवट एवढाच.

आई चुलीपाशी होती. ती एवढंच म्हणली, "तवा तिला इचारलं व्हतं का तुमी?"

आबांनी पेन घेतला, सही केली, रेघ ओढली आणि कागद बाहेर नेऊन दिला.

सुनावणी व्हिडिओ कॉलवर होती. आम्ही झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर लावली. नसीमच्या भावानं शटर अर्धं ओढून घेतलं. स्क्रीनवर समितीची तीन माणसं आणि चौथ्या चौकटीत दादासाहेबांचं ऑफिस. मध्ये दादासाहेब, एका बाजूला मॅनेजर. दुसऱ्या बाजूला आबा. खुर्चीवर बसलेले. त्या ऑफिसात आबांना खुर्ची मिळालेली मी पहिल्यांदा बघत होते. जयंतीला घालायचा पांढरा शर्ट घातला होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

समितीतल्या एकानं विचारलं, "किसनराव, ही सही तुम्ही मुलीच्या सांगण्यावरून केली का?"

आबा टेबलाकडं बघत म्हणले, "व्हय साहेब. पोरगी म्हणली, आबा तुमीच करा."

मॅनेजर म्हणला, "दोन सीझन खेळली, तेव्हा काही तक्रार नव्हती."

मग मला विचारलं. "तुमचं म्हणणं काय?"

 नसीमनं पाठीवर हात ठेवला होता, तो जड लागत होता. मला वाटलं, कॉल बंद करावा. वाटलं, केरळ गेलं खड्ड्यात, आबांना असं कुणासमोर उघडं पाडायचं कसं. नाही म्हणलं तर माझा बाप खोटा. हो म्हणलं तर मी दोन वर्षं पाकळ्या उधळत बसणार. मधली वाटच ठेवली नव्हती त्यांनी. मुद्दाम ठेवली नव्हती. माझ्यासमोर माझाच बाप आणून बसवला होता.

मी म्हणले, "माझे वडील खोटं बोलतात."

 मी पुढं म्हणले, "मला कुणी विचारलं नाही. मी एकवीस वर्षांची होते, मला सही करता येत होती. दोन सीझन मी खेळले, ते माझ्या पायानं खेळले. पुढच्या तीन वर्षांचा शब्द मी कुणाला दिलेला नाही. माझी सही करायचा हक्क माझ्या बापाला नाही."

आबांनी मान इतकी खाली घातली की स्क्रीनवर नुसते त्यांचे पांढरे केस दिसत होते. दादासाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच हात लावला असंल.

निकाल सोळा दिवसांनी आला. करार मला लागू नाही. तोवर नोंदणी बंद झालेली, केरळवाल्यांनी दुसरी स्टॉपर घेतलेली. त्या कोचनं चांगला मेसेज टाकला होता, 'नेक्स्ट इयर'. पुढच्या वर्षी मला कोण ओळखणार होतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी आबांना सांगितलं की लॉनचं काम आता एजन्सीला दिलंय, उद्यापासून येऊ नका. तीस वर्षं तिथं राबलेल्या माणसाला एवढं एक वाक्य.

लोक म्हणले, पोरगी जिंकली. मला काय जिंकल्यासारखं वाटलं नाही. क्लब नाही, मॅच नाही, घरात बाप बोलत नाही. आबा मला काही सांगायचं तर आईला सांगायचे. "तिला म्हण जेवून घी." मी समोर बसलेली असायचे. गारखेड्याच्या मैदानावर जाऊन भिंतीवर बॉल मारत बसायचे, पाय सुजेपर्यंत. चूक केली का, हे रोज वाटायचं. रोज. हे लपवण्यात काही अर्थ नाही.

मागच्या आठवड्यात मॅनेजर परत आला. निवडणुका जवळ आल्यात, टीम परत उभी करायची आहे, दादासाहेबांना मी पाहिजे. ह्या वेळेस तो बाजेवर बसला, चहाही घेतला. नवा करार माझ्यापुढं ठेवला. "आता तूच सही कर. आणि मामांना साहेब लॉनवर परत घेतायत."

आबा दारात उभे होते. दीड महिन्यानं माझ्याशी सरळ बोलले. "कर माय सही."

मी म्हणले, वाचते. सगळा वाचला. दोन तास लागले. मॅनेजर मोबाईल बघत बसला, मधनंमधनं जांभया देत. नवव्या पानावर तेच होतं. पाच वर्षं, क्लबच्या परवानगीशिवाय कुठं जाता येणार नाही, टीम खेळो ना खेळो. मी म्हणले, "हे खोडा. मग करते."

त्यानं दादासाहेबांना फोन लावला, स्पीकरवर. सगळं सांगितलं. तिकडनं आवाज आला, "किसन हाय का तिथं? किसनला फोन दी."

अजून किसनलाच.

आबांनी हात पुढं केला होता. मी मध्येच फोन घेतला. म्हणले, "आबांशी आबांबद्दल बोला. माझ्याबद्दल माझ्याशी बोला. मी ऐकतीय."

 तिकडनं फोन कट झाला. मॅनेजरनं करार पिशवीत घातला आणि गेला. आबा भिंतीला टेकून खाली बसले. मी त्यांच्याजवळ गेले तर त्यांनी तोंड फिरवलं. त्यांचं काम माझ्यामुळं गेलं, आणि परत मिळत होतं तेही माझ्यामुळं गेलं. हे खरं आहे. मी ते नाकारत नाही. सकाळी उठल्यावर पहिलं हेच आठवतं.

नसीम सुटली. तिच्या भावानं स्वतःच लिहून दिलं, सही माझी, बहिणीला विचारलं नव्हतं. सोळा पोरी अजून त्या सहीखाली अडकल्यात. काल मी हर्सूलला आमच्या गोलकीपरच्या घरी गेले. तिचा बाप दादासाहेबांच्या कॉलेजची बस चालवतो. तिनं दारातच विचारलं, "तुझ्या आबांचं काय झालं?" मी खरं सांगितलं. काम गेलं. बोलत नाहीत. मला क्लब मिळाला नाही. तिच्या आईनं मला पाणी पण विचारलं नाही. पोरगी मात्र फाटकापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणली, "अर्ज कसा लिहायचा, सांग."

मी सांगितला. उद्या गारखेड्याला दोघींकडं जाणार आहे, परवा आणखी तिघींकडं. सोळाही घरं करणार. प्रत्येक घरात पोरीला आधी सांगणार की ह्यात बापाचं काम जाऊ शकतं, माझ्या बापाचं गेलं. मग विचारणार, तुला कुणी विचारलं होतं का. कुणाचं काम गेलंच तर त्या घरातली शिवी मला बसणार, माझ्या घरातली तर बसलीच आहे. बसू दे. मी थांबणार नाही.